फाडून पारखलेलं कापड

चंद्राक्काची आणि माझी ओळख झाली ती माझी साडी फाटल्यामुळे. फाटल्यामुळे म्हणजे तिनं फाडल्यामुळे. माझं घर दौंडला आणि मला मिळालेली प्राथमिक शाळा शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या एका गावात, इनामगावच्या अलीकडं. शनिवारी दुपारी घरी जायचं, सोमवारी सकाळी परतायचं आणि मधले दिवस भाड्याच्या खोलीत काढायचे, असं मी ठरवून आले होते. खोली चंद्राक्काच्या घराला लागून होती. पहिल्या दिवशी मी टेम्पोतून सामान उतरवत होते, तेवढ्यात पन्नाशीची, उंच, खांद्यानं रुंद अशी एक बाई समोर आली. नाव नाही, गाव नाही. तिनं माझा पदर हातात घेतला, दोन बोटांत चोळला, कड दाताखाली धरली आणि दोन्ही हातांनी ओढली. चर्रकन वीतभर साडी फाटली.

"दुकानदारानं फसवलं बाई तुम्हाला," ती म्हणाली. "ह्ये कापड न्हाई, पापड हाय."

माझी ती आवडती साडी होती. रडावं की भांडावं ते मला कळेना. ती मात्र फाटलेली कड उन्हाला धरून निरखत उभी होती. मग म्हणाली की आता फाटलाच आहे तर पदर मलाच द्या, गोधडीच्या आतल्या थराला चालेल. मी दिला. तिच्याकडं बघून नाही म्हणायची छाती झाली नाही, आणि पुढं समजलं की गावात कुणाचीच होत नाही. नवी साडी नेसलेल्या सुना तिच्या दारावरून न जाता देवळाला वळसा घालून जायच्या.

गोधडी शिवणं ही तिची हौस. घरात ऊस-कांद्याची बागायत, मुलगा पुण्याला नोकरीला, नवरा म्हणजे आप्पा, तो तर गरीब गाय. पोटासाठी सुई धरायची तिला गरज नव्हती. शिवलेली गोधडी ती विकत नसे आणि सहसा कुणाला देतही नसे. खरं सांगायचं तर शिवण्यापेक्षा तिला कापड जमवण्याचंच वेड जास्त होतं. लोकांच्या मागच्या खोलीत कांदा नाहीतर खताच्या गोण्या असतात, हिच्या मागच्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत गाठोडी. रंगावरून किंवा पोतावरून वेगळी काढावीत, तर तेही नाही. कापड कसं फाटतं यावरून तिनं त्यांच्या जाती पाडल्या होत्या. फाटताना मोठ्यानं आवाज करणारी ती 'भुंकरी'. नायलॉनसारखी ताणत, कण्हत फाटणारी ती 'रडकी'. धुऊन धुऊन मऊ झालेली, आवाज न करता सुटणारी ती 'मुकी'. आणि काही केल्या फाटत नाहीत ती 'दांडगी'. दांडग्यांचं गाठोडं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत लाडकं. त्यात रांजणगावच्या कारखान्यांतून कामगारांनी टाकून दिलेल्या जाड निळ्या विजारी होत्या, ट्रकच्या ताडपत्रीचे तुकडे होते आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून हुज्जत घालून आणलेला एका म्हाताऱ्या पैलवानाचा लंगोट होता. त्या लंगोटाबद्दल ती असं बोलायची, जसं दुसरी बाई नातवाबद्दल बोलते.

"कापड आन् माणूस, फाडल्याबिगर कळत न्हाई," हे तिचं नेहमीचं वाक्य. माणसांच्या बाबतीतही ती तसंच वागायची, ही खरी पंचाईत होती.

बोहारणी गावात येतात त्या भांडी देऊन जुने कपडे नेतात. चंद्राक्काच्या ओट्यावर हा व्यवहार उलटा चालायचा. ती बोहारणीला बसवायची, तिचं गाठोडं सोडायला लावायची आणि आपल्याच मांडणीवरची भांडी काढून देऊन त्यातलं कापड घ्यायची. एकदा एका बोहारणीनं जुन्या खाकी तंबूचं कापड द्यायला नकार दिला, ते तिनं दुसऱ्या कुणाला कबूल केलं होतं. झालं. दोघी ते कापड धरूनच ओट्यावरून खाली आल्या, अंगणात लोळल्या, बोहारणीची पातेली उडून कोंबड्यांच्या अंगावर गेली. शेवटी चंद्राक्काच्या कपाळावर टेंगूळ, बोहारणीच्या दंडाला कडकडून चावा, आणि कापड चंद्राक्काच्या हातात. मग हिनंच तिच्या दंडाला हळद लावली, चहा पाजला आणि वर घरातला पितळी डबा दिला. संध्याकाळी आप्पा जेवायला बसले तर घरात ताट नव्हतं. ते पातेल्यावरच्या झाकणीत जेवले. मला वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं.

"ताट गेल्यालं परवडलं बाई," आप्पा म्हणाले. "मधी पडलो आस्तो तर दात गेलं आस्तं."

ग्रामपंचायतीच्या निकालाचा दिवस तर गाव अजून विसरलेलं नाही. जिंकलेल्या पॅनेलची मिरवणूक निघाली होती, गुलाल, डीजे, सगळं साग्रसंगीत. सगळ्यांच्या डोक्यावर तयार बांधलेले चकचकीत फेटे, फक्त एका पाहुण्याच्या डोक्यावर जुन्या वळणाचा, खऱ्या मलमलीचा. त्याचा शेमला सुटून पाठीवर लोंबत होता. चंद्राक्का ओट्यावरून उतरली, शेमला बोटांत चोळला आणि सवयीनं एक हिसका दिला. फेटा उलगडला आणि पाहुणा गिरकी घेऊन गुलालात बसला. आपल्याकडं माणसाच्या थोबाडीत मारलेली एक वेळ चालते, फेट्याला हात लावलेला चालत नाही. पाहुण्याच्या माणसांना वाटलं, हे हरलेल्या पॅनेलनं घडवून आणलं. ते तिच्या अंगावर धावले, तेव्हा हरलेल्यांना वाटलं, आपल्या आळीच्या बाईवर हात टाकतात. निमित्ताचीच वाट बघत होते दोन्हीकडचे. काठ्या निघाल्या, दगड निघाले, कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा जबडा निखळला. मी मुलांना वर्गात कोंडून खिडकीतून बघत होते. पोलीस आले तेव्हा चंद्राक्का ओट्यावर बसून फेट्याची घडी घालत होती. हवालदारानं विचारलं, भांडण कशावरून झालं. तिनं सांगितलं की मला काय ठाऊक, मी आपली कापड बघत होते. आणि ते खोटं नव्हतं.

या सगळ्या कापडांत एक तुकडा मात्र कुठल्याच गाठोड्यात नव्हता. तो तिच्या लोखंडी ट्रंकेत होता. हिरवं इरकली लुगडं, लाल रुंद काठाचं, पण अर्धंच. त्याची हकीकत मला आप्पांनी सांगितली, तीही ती नदीवर गेलेली असताना.

ते तिच्या सासूचं लुगडं. म्हातारी ते फक्त दसऱ्याला नेसायची. चंद्राक्का थोरली सून आणि सुमन धाकटी. चंद्राक्काचं म्हणणं, म्हातारीनं हे मला कबूल केलं होतं. सुमनचं म्हणणं, माझ्या डोहाळजेवणाला म्हातारीनं ते स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर टाकलं होतं. दोघीही खऱ्या असणार, म्हातारी दोन्ही सुनांना खूश ठेवणारी होती. म्हातारी गेली, तिच्या दहाव्याच्या दिवशी, सगळे सोयरे जमलेले असताना, एकीनं पदराकडून धरलं आणि दुसरीनं दुसऱ्या टोकाकडून. सगळे 'सोडा, सोडा' म्हणून ओरडत होते. दोघींपैकी कुणीही सोडलं नाही. लुगडं जुनं होतं पण चांगलं होतं, सहजी फाटेना. फाटलं तेव्हा दोघी दोन बाजूंना आपटल्या. सुमनचं डोकं उंबऱ्यावर आदळून टाके पडले, चंद्राक्काचं मनगट मुरगळलं. त्याच हंगामात भावाभावांची वाटणी झाली, अंगणात भिंत आली आणि दोघींकडं अर्धं अर्धं लुगडं राहिलं. तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तशा या दोघी कोंबड्यांना बोलायच्या. "खा, खा, लोकाचं खा, तुलाबी तीच सवय," असं सुमन सकाळी आपल्या कोंबडीला म्हणाली की भिंतीच्या अलीकडून चंद्राक्का आपल्या म्हशीला उत्तर द्यायची. मला सुरुवातीला हसू यायचं. मग रोज तेच ऐकून कंटाळा आला.

बिबट्या आमच्याकडं नवा नाही. तो उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. कुत्री जायची, शेळ्या जायच्या, लोक चार दिवस बॅटऱ्या घेऊन फिरायचे आणि विसरायचे. मग पलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारी गवत कापताना गेली. आणि त्यानंतर माझ्या वर्गातली गौरी. दुसरीतली. अंगणात भांडी घासत बसलेल्या आईच्या पाठीमागून बिबट्यानं तिला उचललं. आई हातात तवा घेऊन उसात शिरली. तिला लेक सापडली तेव्हा लेकीला गळा राहिला नव्हता. मी त्या मुलीला बाराखडी शिकवली होती. हजेरी घेताना मी तिचं नाव सोडून पुढं जायचे आणि मुलं खाली बघत बसायची.

त्या दिवशी गाव पेटलं. रस्त्यावर टायर जळले, सरकारी गाडीच्या काचा फुटल्या, आणि बिबट्या हाताला लागत नाही म्हणून लोकांनी पंचनाम्याला आलेल्या एका कोवळ्या वनरक्षकाला धरला. पंचवीस-तीस जण त्याला तुडवत होते. चंद्राक्का त्या घोळक्यात घुसली, दिसेल त्याच्या कानफटात देत आतपर्यंत गेली आणि त्याला गचांडी धरून बाहेर ओढून आणलं. म्हणाली, ह्यानं खाल्ली का रे पोरगी? त्याला घरात घेतलं, नाकाचं रक्त पुसलं, आप्पांचा सदरा घातला. जाताना त्याचा फाटका खाकी शर्ट मात्र ठेवून घेतला, तो दांडग्यांत गेला.

त्यानंतर गळ्यात पट्टे आले. बिबट्या गळा धरतो, म्हणून लोकांनी लोहाराकडून पत्र्याचे, बाहेर खिळ्यांची टोकं आलेले पट्टे करून घेतले. मुलं ते घालून शाळेत यायची. भांडता भांडता एकाच्या हनुवटीला दुसऱ्याचा खिळा लागून हनुवटी चिरली. त्याला घेऊन मी घरी सोडायला चालले होते, ते चंद्राक्कानं पाहिलं. तिनं तो पट्टा हातात घेतला, वाकवला आणि उकिरड्यावर भिरकावला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या मैदानात आली. काखेत भोपळा, हातात दाताळं. भोपळ्याला तिनं गोधडीसारखी अनेक थरांची, दाट टाक्यांची एक पट्टी गुंडाळली, भोपळा मातीत रोवला आणि दाताळं डोक्यावरून फिरवून सगळ्या ताकदीनं हाणलं. लोखंडी दात पट्टीतून थेट आत गेले आणि पांढरा गर उडाला. मुलं नाचायला लागली. मी तिला हाताला धरून बाहेर काढणार होते, पण तिचं तोंड बघून थांबले. ती भोपळ्याकडं बघत नव्हती, दात कुठल्या थरापर्यंत गेले ते बघत होती. त्या आठवड्यात गावातल्या वेलींवर भोपळा राहिला नाही. रोज नवी पट्टी, रोज नवा थर. आतून मलमलीचा फेटा, म्हणजे मानेला काचू नये. मग तंबू, मग विजारी, मग वनरक्षकाचा खाकी. ज्या गाठोड्याला ती आप्पांना हात लावू देत नव्हती, ते तिनं अंगणात उपडं केलं होतं. एके दिवशी दाताळ्याचे दात पट्टीतच अडकले आणि भोपळा जसाच्या तसा राहिला. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला, घरी न्या, भाजी करा, म्हणाली.

पोत्याच्या दोऱ्यानं तिनं कांदा लावायला जाणाऱ्या सगळ्या बायकांसाठी पट्टे शिवले. उसाच्या कडेला वाकून काम करणारी बाई बिबट्याला शेळीएवढी दिसते, असं लोक म्हणतात, त्यामुळं भीती त्यांनाच जास्त. आणि त्याच बायकांनी पट्टे घालायला नकार दिला. कारण टोळीची पुढारी होती सुमन.

सुमननं भिंतीपलीकडून कोंबडीला ऐकवलं, "परक्या गड्यांच्या विजारी आन् पैलवानाचा लंगोट मंगळसुत्रावर बांधायचा व्हय गं? त्यापरीस बिबट्या बरा."

तो लंगोट साऱ्या गावाला माहीत होता. एकच होता आणि एकाच पट्ट्यात गेला होता, पण प्रत्येकीला वाटायला लागलं की तो आपल्याच पट्ट्यात आहे. हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. मी त्यांना समजावलं, गौरीचं नाव घेतलं, तरी पट्टा कुणी उचलला नाही. सवाष्णीच्या गळ्यात मणी असतात, तिथं गड्याचं उतरलेलं कापड नको, यावर त्या ठाम होत्या. पट्टे भिंतीवरच्या खुंट्यांना लोंबत राहिले. सुमननं बांधला तर सगळ्या बांधणार, नाहीतर एकही नाही, हे चंद्राक्काला कळत होतं. दोन-तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले.

मग तिनं ट्रंक उघडली. लंगोटवाला, सगळ्यांत भक्कम पट्टा खुंटीवरून काढला आणि सासूच्या लुगड्याचा अर्धा तुकडा मांडीवर घेतला. मी दारात उभी होते. जन्मात कधी कात्री न वापरणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडं कात्री मागितली.

"फाडलं तर तिकडं आवाज जाईल," ती हळूच म्हणाली.

तिनं लुगड्याचा काठाकडचा तुकडा कापला आणि पट्ट्यावरून मढवला. हिरवं अंग, लाल काठ. नव्या नवरीच्या चोळीला शोभावा इतका तो पट्टा देखणा झाला. मागची बाजू तेवढी तिनं न शिवता उघडी ठेवली.

सकाळी बायका कामाला निघायच्या वेळी ती भिंत वळून सुमनच्या अंगणात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पट्टा पुढं केला. सुमननं लाल काठ ओळखला आणि तिचा चेहराच बदलला.

"म्हातारीचं लुगडं कापलंस? हात झडलं न्हाईत तुझं?"

कोंबडीला नाही, म्हशीला नाही, थेट तिला म्हणाली. आणि पट्टा शेणात फेकला. चंद्राक्कानं तो उचलला, पदरानं पुसला आणि सुमनच्या मुस्काटात लगावली. पुढचं बघवत नव्हतं. सुमनच्या हातात खुरपं होतं, ते चंद्राक्काच्या दंडावर बसलं आणि रक्ताची धार लागली. चंद्राक्कानं तिचे केस धरून तिला पालथी पाडली, पाठीवर गुडघा रोवला, पट्टा तिच्या गळ्याभोवती घातला आणि अंबाड्यात खोवलेली दाभण काढली. पोती शिवायची दाभण, करंगळीएवढी लांब. दोघींचे नवरे धावत आले आणि जागेवरच थांबले.

"सुमे," चंद्राक्का म्हणाली, "हाल्लीस तर दाभण मानंत जाईल."

सुमन हलायची थांबली. तोंड मात्र चालू होतं. ती चंद्राक्काच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि चंद्राक्का तिच्या मानेवर पट्टा शिवत होती, पक्के, जवळ जवळ टाके. दंडाचं रक्त ओघळून हिरव्या कापडात मुरत होतं. शेवटी तिनं वाकून मानेपाशीच दातानं दोरा तोडला आणि उठली.

"आता काढायचा आसंल तर कापून काढ. सासूचं लुगडं कापायचं आसंल तर काप."

सुमननं विळी आणली. पट्ट्याला लावली. सगळ्या बायका बघत होत्या. मग तिनं विळी खाली टाकली, खुरपं उचललं आणि शिव्या देत, पट्ट्यासकट वावराकडं चालायला लागली. बायकांना आता पेचच पडला. एक जण चंद्राक्काला म्हणाली की आक्का, माझ्या पट्ट्यालाबी म्हातारीच्या लुगड्याचा तुकडा लावून द्या, मग घालते. मग दुसरी म्हणाली. म्हातारी भरल्या कपाळानं गेली होती, तिचं कापड गळ्याला चालत होतं. दोन दिवसांत ट्रंकेतलं अर्धं लुगडं संपलं. खुंट्याही मोकळ्या झाल्या.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. शाळा सुटली होती, मी फळा पुसत होते, तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या वावरातून बायकांचा असा आवाज आला की डस्टर टाकून मी पळाले. मी पोचले तेव्हा बायका खुरपी उगारून ओरडत होत्या, पण पुढं जात नव्हत्या. बिबट्यानं सुमनला मागून मानेला धरली होती आणि तो तिला उसाकडं ओढत होता. त्याचे दात पट्ट्यात रुतले होते आणि पंज्यांनी तिची पाठ उभी फाडली होती. बांधाकडून चंद्राक्का येताना मला दिसली, दाताळं दोन्ही हातांत, पदर कमरेला. तिनं भोपळ्यावर हाणावं तसं हाणलं. एकदा, परत एकदा. बिबट्यानं सुमनला सोडलं आणि चंद्राक्काचा उजवा हात धरला. ती ओरडली नाही. डाव्या हातानं त्याच्या डोळ्यात बोटं घालत राहिली. मग बायकांच्या अंगात आलं, सगळ्या एकदम खुरपी घेऊन तुटून पडल्या, आणि तो उसात गेला. जाताना तिची दोन बोटं घेऊन गेला.

शिरूरला नेताना जीपमध्ये मी दोघींच्या मध्ये बसले होते. माझ्या साडीवर दोघींचं रक्त होतं. चंद्राक्काच्या उजव्या पंजाला मी माझा पदर गुंडाळला होता आणि तो भिजून जड झाला होता. ती डाव्या हातानं माझ्यावरून वाकून सुमनचा पट्टा चाचपत होती, एकेक थर बाजूला करत होती.

"वरचं म्हातारीचं फाटलं," ती म्हणाली. "आतलं न्हाई."

सुमन पालथी पडून होती. तशीच पडून तिनं विचारलं.

"लंगोट माझ्यातच हाय ना, आक्का?"

"हाय."

सुमन हसायला लागली. पाठ फाटलेली, तरी हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. चंद्राक्का एवढंच म्हणाली की बाई, पदर जरा घट्ट बांधा.

दोघी वाचल्या. पण चंद्राक्काच्या उजव्या हातात काही उरलं नाही. दोन बोटं गेली होती आणि बाकीची मिटत नव्हती. सुई धरता येत नव्हती. आणि कापड फाडायला तर दोन हात लागतात. आप्पा मला सांगायचे, ती दिवसभर मागच्या खोलीत बसते, एखादं फडकं घेते, एका हातानं ओढून बघते आणि गाठोड्यांना लाथा घालते. मी भेटायला गेले की ती माझ्या साडीकडं बघायचीसुद्धा नाही. ते मला सगळ्यांत जास्त लागलं. एकदा मी मुद्दाम पदर तिच्या हातात दिला, तर तिनं तो परत माझ्या खांद्यावर ठेवला.

वर्ष संपलं आणि माझी बदली दौंड तालुक्यात, केडगावजवळ झाली. सामान भरून जीप उभी होती. निरोप घ्यायला म्हणून मी चंद्राक्काच्या अंगणात डोकावले. भिंत होती तिथंच होती, पण सुमन भिंतीच्या अलीकडं होती. पलीकडच्या गावातल्या बायकांनीही पट्टे मागितले होते, आणि त्यांना पट्टा नुसता नको होता, म्हातारीच्या लुगड्याचा तुकडा लावलेलाच हवा होता. चंद्राक्काकडचा तर केव्हाच संपला होता.

सुमनच्या हातात हिरवं इरकली होतं, तिच्या वाटणीचं. एक टोक तिनं चंद्राक्काकडं दिलं. चंद्राक्कानं ते निकामी हाताच्या मनगटाला दोन वेढे घालून डाव्या हातानं आवळलं, कड दाताखाली धरून चिरली आणि पाय रोवून मागं झुकली. सुमन दुसऱ्या टोकाला, तीही मागं झुकलेली. दोघींच्या मध्ये लुगडं ताणलं गेलं होतं. आप्पा ओट्यावर बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"वढ," चंद्राक्का म्हणाली. "सोडू नगंस."

सुमननं ओढलं. कापड जुनं होतं पण चांगलं होतं, लगेच सुटेना. मग चर्रकन असा आवाज झाला की कोंबड्या उडाल्या आणि दोघी दोन पावलं मागं गेल्या. पडल्या नाहीत. चंद्राक्कानं मनगटाचा वेढा सोडला, फाटलेली कड उन्हाला धरली आणि निरखली.

"ह्ये कापड हाय, सुमे," ती म्हणाली.

जीपवाल्यानं हॉर्न दिला, आणि मी निरोप न घेताच निघाले.